आठव्या दिवशी नळ आला की आधीचं पाणी ओतून देणारे किती?

गल्लीतला गणू (शहापूर, बेळगाव)

परवा पहाटे साडेतीनला आमच्या गल्लीत पाणी सुटलं, आठ दिवसांनी. घरोघरच्या मोटारी घुरघुरायला लागल्या. त्यातच रस्त्यावरून खळखळ ऐकू आली. म्हटलं गेला पाइप. बाहेर येऊन बघतो तर समोरच्या काकू बॅरल आडवं करून गटारीत ओतताहेत. एक झालं, दुसरं झालं. मी विचारलं तर म्हणाल्या, "शिळं झालंय रे. नवं आलंय की आता."

अहो, आदल्या संध्याकाळी याच काकू आमच्याकडे प्यायला कळशीभर पाणी मागायला आल्या होत्या!

राकसकोप धरणाची पूर्ण पातळी २४७५ फूट. बेळगावच्या माणसाला एक वेळ बायकोचा वाढदिवस आठवणार नाही, पण हा आकडा पाठ असतो. मे महिना लागला की पातळी पेपरात रोज येते आणि आपण क्रिकेटच्या स्कोअरसारखी वाचतो. पातळी पार खाली गेली की कुणीतरी "पाणी जपून वापरा" म्हणतं. तोवर उशीर झालेला असतो. २०२३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला तेव्हा काय धाकधूक होती ते आठवा.

बेंगळूरला मार्च २०२४ मध्ये तिथल्या जल मंडळाने सरळ बंदी घातली. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणं, बाग शिंपणं, बांधकाम, कारंजी सगळं बंद. दंड ५,००० रुपये. थोड्याच दिवसांत २२ घरांकडून १ लाख १० हजार वसूल केल्याची बातमी होती. माझं म्हणणं, आपल्याकडे असा नियम मे महिन्यात कशाला, जानेवारीतच हवा. त्यात गाडी धुण्याबरोबर शिळं पाणी ओतणंही घाला. मंडळी, बोला.

वडगावची माई

गणू, त्या काकू मी नव्हे, खरं असू शकले असते. म्हणून लिहूलाल्ये.

आम्ही घरात पाच माणसं. वरती १००० लिटरची टाकी, खाली २०० ची दोन बॅरल. एकूण १४००. आता आठ दिवस आणि पाच माणसं म्हणजे भाग ४० ने. माणशी रोज ३५ लिटर. त्यात आंघोळ, संडास, धुणं, भांडी, स्वयंपाक, प्यायचं, आणि माझ्या सासूबाईंचं सोवळं. २०१८ ला तिकडं आफ्रिकेत केपटाऊन शहरात पाणी संपूलालंय म्हणून जगभर बोंब झाली, तेव्हा तिथं माणशी ५० लिटरची मर्यादा घातलेली. माझा भाचा मोठ्या कौतुकानं सांगूलाला. मी म्हटलं बाबा, तसली टंचाई आम्हाला दे, १५ लिटर वाढून मिळतील!

तर नियम कुणाला घालणार? आमच्या घरी दारात धुवायला गाडीच नाही. अंगण म्हणशील तर चार फरशा. माग बंद पडल्यापासून मालक हॉटेलात कामाला जातात.

आता ओतण्याचं ऐक. सातव्या दिवशी बॅरलच्या तळाला गाळ असतो आणि वरती वळवळणारे किडे. मागं धाकट्याला डेंगी झाला. त्यानंतर एक मुलगी आली तपासायला. टॉर्च मारून बॅरलात बघितली आणि म्हणाली, आठवड्यातनं एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. बरं. पाणी येणार आठ दिवसांनी आणि भांडं कोरडं करायचं सात दिवसांनी. मधल्या दिवशी आम्ही काय प्यायचं ते ती सांगितली नाही.

नळ आला त्याच पहाटे ओततो, कारण तेवढ्या दोन तासांतच धाडस होतं. आदल्या रात्री ओतलं आणि पहाटे पाणी सोडणारा वॉलमन आलाच नाही तर?

काडीपेटी

+१ माई. धागाकर्त्यांचा संप (जमिनीखालचा पाण्याचा हौद) किती लिटरचा आहे ते आधी कळू द्या. 😀

गल्लीतला गणू

५,००० लिटरचा. वडिलांनी घर बांधताना केलेला. मान्य आहे, लपवत नाही.

मीटरवाली

मी चोवीस तास पाणी असलेल्या भागात राहते. चप्पल फेकायच्या आधी ऐकून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या तीन शहरांच्या थोड्या भागात २००८ च्या सुमारास अखंड पाणीपुरवठा सुरू झाला. नळाला मीटर, जेवढं वापराल तेवढं बिल. त्यामुळे गावात दोन जाती झाल्या, नळ उघडणारे आणि नळाची वाट बघणारे. आमचं घर रस्त्याच्या अलीकडे पडलं. यात आमची कसली पुण्याई नाही.

माझं माहेर अनगोळचं. आई राहायला आली की पहिल्या रात्री घरातली सगळी भांडी भरून ठेवते. कुकर, पातेली, बिंदगी, अगदी पूजेचा तांब्यासुद्धा. मी म्हणते आई, सकाळी नळ असणार आहे. ती म्हणते असू दे. सकाळी उठून तीच सगळं ओतते आणि पुन्हा भरते. चार दिवस जातात तेव्हा तिचा हात थांबतो. गावी जायच्या आदल्या दिवशी म्हणते, "तुमच्यात किती कमी पाणी लागतंय गं."

लागतं खरंच कमी. गच्चीवर टाकी नाही, म्हणजे ती भरून वाहत नाही. साठा नाही, म्हणजे शिळं नाही. आणि मीटर फिरतो, म्हणून नळ ठिबकायला लागला की वॉशर मी स्वतः बदलते. माई काटकसरी आहेत आणि मी उधळी, असं बाहेरून दिसतं. पण माईंनी मारून-मुटकून वाचवलेल्या पाण्यातलं दर आठवड्याला किती गटारीत जातं याचा हिशेब केला तर?

बिलाची भाषा मात्र मला अजून वाचता येत नाही. शेजारच्या होन्नम्माकडून वाचून घेते. ती माझ्याकडून मुलाचा मराठीचा अभ्यास करून घेते. असा आमचा सीमातंटा मिटला आहे.

जॅकवेल (निवृत्त)

पाणी खात्यात नव्हतो, पण पंप बसवण्यात आयुष्य गेलं. थोडं लांब लिहितो, तोवर चहा ठेवा.

बेळगावला दोन ठिकाणचं पाणी येतं. एक राकसकोप, मार्कंडेय नदीवर. ते हिंडलग्याच्या पंपांवरून लक्ष्मी टेकावर चढतं. दुसरं हिडकलचं, घटप्रभेवरचं राजा लखमगौडा धरण. तिथलं कुंदरगी, तुम्मरगुद्दी असे टप्पे घेत बसवनकोळ्ळला शुद्ध होऊन येतं.

आता उंची बघा. राकसकोप भरलं की २४७५ फूट. हिडकल काठोकाठ भरलं तरी २१७५. बरोबर ३०० फूट खाली! बेळगाव शहर बसलंय साधारण अडीच हजार फुटांवर. म्हणजे राकसकोपचं पाणी जवळपास आपल्याच पातळीवर आहे आणि हिडकलचं प्रत्येक थेंबाला उचलून, विजेच्या जोरावर, वर आणावं लागतं. म्हणून मे महिन्यात वळवानं दोन खांब पाडले की हिडकलच्या पाण्यावरचा अर्धा गाव कोरडा. लोक आभाळाकडे बघून शिव्या देतात, "पाऊस पडला तरी पाणी नाही." पाऊस पडला म्हणूनच नाही!

दुसरा हिशेब. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार. मोठ्या शहरासाठी ठरलेलं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. गुणाकार करा, वर्षाला साधारण २,४०० कोटी लिटर होतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. म्हणजे त्या लोकसंख्येला सगळं वर्ष पोटभर पाणी द्यायला एक टीएमसीसुद्धा पुरं लागत नव्हतं. आज लोक वाढलेत, गळतीही धरा, दुप्पट करा हवं तर. हिडकलची क्षमता ५१ टीएमसी आहे. तेव्हा बेळगावात "पाणी नाही" असं कुणी म्हटलं की मी विचारतो, पाणी नाही की पंप नाही, की पाइप नाही?

आणि शिळ्या पाण्याबद्दल. आठ दिवस रिकामी असलेल्या पाइपलाइनीत आतून दाब नसतो. सांध्याला जिथं भेग असेल तिथून बाहेरचा ओलावा आत शिरतो, आणि शेजारून गटार जात असेल तर तो ओलावा कसला ते सांगायला नको. वर घरोघर लोक थेट नळाला मोटार लावून ओढतात, त्यानं पाइप आणखी शोषला जातो आणि टोकाच्या घराला नुसती हवा. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं गढूळ येतं. गणूच्या काकूंनी ओतलं ते आठ दिवस निवळलेलं पाणी होतं. किडे सोडले तर ते बहुधा नव्यापेक्षा नितळच असणार. झाकण घट्ट असतं तर किडेही नसते.

गल्लीतला गणू

जॅकवेल काका, मोटार मीही लावतो. आता जरा बोचूलालंय.

काडीपेटी

मग ५१ मधलं ५० टीएमसी कोण पितं? ऊस! दंड लावायचा तर आधी ऊसवाल्यांना लावा. आणि हे सगळं महाराष्ट्रात असतो तर...

संपादक मंडळ

काडीपेटी, तुमच्या प्रतिसादाच्या शेवटच्या चार ओळी काढल्या आहेत. सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. इथे पाण्याबद्दल लिहा.

कृष्णाकाठ (कुडची)

ऊस लावणारा मीच. या, दंड घेऊन जा.

नदीकाठी राहतो म्हणून लोकांना वाटतं आमच्यात पाणीच पाणी. २०१९ च्या मे महिन्यात या. कृष्णेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. चिकोडी, अथणी, रायबाग सगळीकडे घागरी. खालून कर्नाटकचं पत्र जायचं, कोयनेतनं पाणी सोडा. वरून महाराष्ट्राचं उत्तर यायचं, त्याबदल्यात जतच्या गावांना तुम्ही काय देता? दर उन्हाळ्यात हेच. दोन सरकारांच्या टपालात आमचं पाणी अडकतं. ते सुटलं असं ऐकलं की आम्ही राजापूर बंधाऱ्याकडे डोळे लावून बसतो, आज पोचलं काय, उद्या पोचलं काय. कोरड्या वाळूतनं वाट काढत पाणी यायला दिवस लागतात. पहिलं पाणी वाळूच पिऊन टाकते.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नदीचं पाणी माझ्या घराच्या माळ्याला लागलं. ज्या घरातनं मेमध्ये टँकरमागं धावलो, त्याच घरातनं बोटीनं बाहेर काढलं आम्हाला. आता मला सांगा, मी पाणी वाचवू की पाण्यापासून वाचू?

ऊस का लावतो? महापूर आला तरी थोडाफार उभा राहतो आणि कारखाना जवळ आहे. सोयाबीन वाहून जातं. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग आहे, हे काही एकट्या शेतकऱ्यानं ठरवलेलं नाही. ठिबक केलंय मी. शेजाऱ्यानं केलं नाही, तो अजून पाटानं सोडतो, त्याचं बोअर दर वर्षी खाली जातंय आणि त्याबरोबर माझंही.

एप्रिल २०१६ ला मिरजेतनं लातूरला पाण्याची रेल्वे गेली, आठवते ना? पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ते आमच्या कृष्णेचंच पाणी. आमची एस्टी मिरज स्टेशनवरून जाताना लोक उभे राहून बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "ह्या नदीनं रेल्वे बघितली, आता विमान तेवढं राहिलंय."

चंदगडी

राकसकोप राकसकोप करूलालात, त्याचं पाणी मागं आमच्या तुडयेच्या शिवाराला येऊन टेकतं. तुमची घटप्रभा पण आमच्या तालुक्यातनं खाली येते, फाटकवाडीला अडवून. पावसाळ्यात आमच्यात छत्री उघडून वाळायला जागा मिळत नाही आणि एप्रिलला वरच्या वाड्यांतल्या बायका झऱ्यावर ओंजळीनं कळशी भरतात. डोंगर उताराचा, पाणी थांबत नाही.

तुम्ही जे बॅरल ओतलं ते इकडनं गेलेलं हाय, एवढंच सांगतो. भांडत नाही.

मलप्रभेचा

खानापूर तालुक्याचीही तीच कथा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि तिच्यावर हुबळी-धारवाड जगतं. म्हादईचं पाणी वळवायच्या वादात लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निकाल दिला, त्यात कळसा-भांडुरा हे दोन नाले मिळून मलप्रभेत वळवायला ३.९ टीएमसी आलं. त्यावर टीव्हीवाले कणकुंबीला येऊन गेले. आमच्या गावच्या कोरड्या बोअरसमोर कॅमेरा लावायला कुणी आलं नाही. असो.

निपाणकर

आमच्याकडे जवाहर तलाव आणि वेदगंगा. तलावाचा तळ दिसायला लागला की गावाचा सूर बदलतो, लग्नपत्रिकेवर तारीख बघून लोक विचारतात "पाण्याचं काय केलंय?" टँकर सांगितलाय म्हटलं की मगच जेवायला थांबतात. वाचतोय, चालू द्या.

दगडी विहीर

धागा भरकटायच्या आत मूळ बेळगावच्या पाण्याबद्दल लिहितो.

१९२४ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव. गंगाधरराव देशपांड्यांनी टिळकवाडीच्या माळावर सगळी वसाहत उभी केली, नाव दिलं विजयनगर. एवढ्या माणसांना पाणी कुठून द्यायचं? विहीर खणली. खर्च ४,३७० रुपये ३ आणे, त्या तीन आण्यांचासुद्धा हिशेब राहिला आहे. तिला पंपा सरोवर म्हणत, आपण काँग्रेस विहीर म्हणतो. अधिवेशन दोन दिवसांत संपलं, तंबू गेले, विहीर शंभर वर्षं उभी आहे.

शहापूर, वडगाव, जुन्या बेळगावच्या गल्ल्यांत परसात नाहीतर दोन घरांच्या सामाईक भिंतीत विहीर असायचीच. दोन्ही बाजूंनी रहाट, मधे भिंत, म्हणजे पाणी एक आणि भांडणं दोन. राकसकोप झालं, नळ आले, आणि विहिरींवर फळ्या पडल्या. मग निर्माल्य, मग गणपती, मग कुणीतरी पडलेली भिंतच आत ढकलली. नव्वदीच्या मध्यात पाऊस रुसला आणि नळ कोरडे पडले तेव्हा गावातल्या जुन्या सार्वजनिक विहिरी पुन्हा आठवल्या. त्या उपसल्या, गाळ काढला, आणि पाणी लागलं. का लागलं? वरती जांभ्याचा थर आहे, पाऊस मुरतो. बोअर मारणारा पाचशे फूट खाली जातो आणि आजोबांची पन्नास फुटांची विहीर शेजारी बुजलेली असते.

विहिरीला एकच पथ्य, उपसा चालू ठेवायचा. वर्षभर झाकून ठेवून मे महिन्यात दार उघडाल तर वासच येणार. आमच्या घरची आम्ही रोज वापरतो, प्यायला नाही, बाकी सगळ्याला. पोहरा पडल्याचा आवाज आला की आई आतून सांगते आज पाणी कुठल्या पायरीला आहे.

मीटरवाली

ही विहीर मात्र पुढच्या वेळी आई आली की तिला दाखवायला आणणार. चालेल?

दगडी विहीर

या की. येताना दोर धरायची तयारी ठेवा.

वडगावची माई

आमच्या घरामागं पण एक हाय. सासरे असताना चालू होती. आता त्यावर पत्रा आणि पत्र्यावर मोडकं माग.

गणूला एक सांगायचं राहिलं. दंडाचा माणूस गल्लीत आला तर कुणाच्या दारात उभा राहणार? जिथं पाणी बाहेर दिसतं तिथं. आमचं बॅरल दारात असतं, म्हणून आम्ही सापडणार. बंगल्यातला पाण्याचा हौद खाली असतो, बोअर मागं असतं, लॉन कंपाउंडच्या आत. ५,००० रुपये तो पण भरेल आणि मी पण भरेन, खरं माझे ते महिन्याचे हायत.

काडीपेटी

माई, तुम्हाला ग्रामपंचायत सोडा, थेट महापौर करायला पाहिजे.

गल्लीतला गणू

मंडळी, आठ दिवसांनी परत आलो.

माझा आधीचा सूर चुकला, शीर्षक बदलता येत नाही म्हणून तसंच ठेवतो. जानेवारीत नियम हवा हे मात्र अजून म्हणतो, फक्त आधी संप आणि बोअरवाल्यांना. म्हणजे मलाच.

काकूंकडे गेलो होतो. ओतायच्या ऐवजी आधी संडासाच्या आणि फरशीच्या कामाला काढायचं म्हटलं, तर म्हणाल्या, "ते आम्हाला कळत नाही होय? पण दोन तासांत भरू की वापरू?" बरोबर होतं. मग असं ठरलं की पाणी सुटायच्या रात्री त्यांचं उरलेलं आमच्या मागच्या रिकाम्या टाकीत ओतायचं, ते बांधकामावर पाणी मारायला शेजारचा गवंडी नेतो. एका बॅरलला आईनं जुन्या लुगड्याचं फडकं बांधून झाकण केलं. मोटारीचं बोललो तर गल्लीतली सात घरं तयार झाली की पहिला अर्धा तास कुणीच लावायची नाही. आठवं घर तयार नाही. ते नगरसेवकांच्या नात्यातलं आहे, नाव घेत नाही.

परवाच्या पहाटे टोकाच्या घराला मोटारीशिवाय दोन कळशा पाणी आलं. त्या आजी मलाच उठवायला आल्या, चार वाजता, "आलं रे, आलं!"

जॅकवेल (निवृत्त)

आठव्या घराला अर्ध्या तासानं लाव म्हणा. तोवर पाइप भरलेला असतो, त्याला पाणी जास्तच मिळेल, आणि मोटारही कमी तापेल. पाण्याच्या नावानं ऐकणार नाही, मोटारीच्या नावानं ऐकेल.

वडगावची माई

विहीर उपसायला माणसं कुठं मिळतील? पत्रा काढूलालोय रविवारी. खाली किती गाळ हाय माहीत नाही, सासूबाई म्हणतात पाच पुरुष खोल पाणी असायचं. पंप भाड्यानं किती घेतात, आणि गाळ टाकायला जागा कुठं, हे पण कुणाला ठाऊक असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. दगडी विहीरवाल्यांनी तरी नक्की सांगा.